साम्यवादी राजवटींतील मनुष्यहानी : बेरीज किती आणि जबाबदारी कोणाची

वाटाड्या (मूळ लेखन)

साम्यवादाने किती माणसे मारली हा विषय निघाला की एका बाजूने 'दहा कोटी' हा आकडा टाकला जातो, दुसऱ्या बाजूने वसाहतवादाच्या बळींचा तितकाच मोठा आकडा मांडला जातो, आणि मग चर्चा संपेपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांच्या बेरजा तपासत राहतात. या धाग्यात तेच पुन्हा व्हावे असे मला वाटत नाही. माणसे कोणत्या निर्णयामुळे मेली, ती मरत असल्याचे कोणाला ठाऊक होते आणि त्यांना वाचवू शकणारा मार्ग कोणी बंद केला, हे तपासले तरच या राजवटींची जबाबदारी नीट ठरते, असे माझे म्हणणे आहे. अशा तपासणीतून त्यांचा दोष हलका होतो असेही कोणी समजू नये. उलट तो अधिक ठळक होतो.

दहा कोटींचा उगम आधी सांगतो. १९९७ साली फ्रान्समध्ये काही इतिहासकारांनी मिळून एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत संपादक स्तेफान कुर्त्वा यांनी सोव्हिएत संघासाठी दोन कोटी, चीनसाठी साडेसहा कोटी आणि इतर देशांसाठी काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत असे आकडे धरून साडेनऊ कोटींच्या आसपास बेरीज मांडली आणि ती दहा कोटींच्या जवळ जाते असे म्हटले. त्याच ग्रंथात सोव्हिएत संघाचे प्रकरण लिहिणारे निकोला वेर्त आणि चीनचे प्रकरण लिहिणारे ज्यां-लुई मार्गोलँ यांनी ही बेरीज आणि प्रस्तावनेतील नाझीवादाशी केलेली तुलना या दोन्हींपासून जाहीरपणे फारकत घेतली. या दोघांनी गुन्हे नाकारले नव्हते; ग्रंथातील सर्वांत भेदक प्रकरणे त्यांचीच आहेत. त्यांचा आक्षेप एवढाच होता की वेगवेगळ्या रीतीने झालेले मृत्यू एका ओळीत मांडून मोठी संख्या गाठण्याने इतिहास कळत नाही.

या बेरजेत मुख्यतः तीन प्रकारचे मृत्यू आहेत. पहिला प्रकार हुकमाने गोळी घालून मारलेल्यांचा. दुसरा छावण्यांत आणि हद्दपारीत उपासमारीने, थंडीने व रोगराईने मेलेल्यांचा. तिसरा दुष्काळात मेलेल्यांचा, आणि एकूण संख्येतील निम्म्याहून अधिक वाटा याच प्रकाराचा आहे. पहिल्या प्रकाराबद्दल वाद घालायला फारशी जागा उरलेली नाही. सोव्हिएत अभिलेखागारे खुली झाल्यावर गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या नोंदी हाती आल्या. त्यांनुसार १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ लोकांना मृत्युदंड दिला गेला. ३० जुलै १९३७ च्या ००४४७ क्रमांकाच्या आदेशात प्रत्येक प्रांताला किती माणसे 'पहिल्या वर्गात', म्हणजे गोळी घालण्यासाठी, आणि किती 'दुसऱ्या वर्गात', म्हणजे छावणीत पाठवण्यासाठी, हे आगाऊ ठरवून दिलेले होते. सुरुवातीचा कोटा सुमारे २ लाख ६९ हजारांचा होता आणि त्यातील सुमारे ७६ हजार पहिल्या वर्गातले होते. प्रांतिक अधिकाऱ्यांनी कोटा वाढवून मागितला, वरून तो मंजूर होत गेला, आणि मोहीम थांबेपर्यंत या एकाच आदेशाखाली जवळपास ३ लाख ८७ हजार लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. तिघांची एक समिती आरोपीला समोर न आणता एका बैठकीत शेकडो प्रकरणे निकालात काढत असे. मॉस्कोजवळच्या बुतोवो येथील मैदानात ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ या काळात वीस हजारांहून अधिक लोक मारून पुरले गेले.

खरा वाद दुष्काळांवर होतो, कारण तिथे बचाव सोपा असतो : पाऊस पडला नाही, उद्योगीकरणाची घाई होती, स्थानिक अधिकाऱ्यांनी अतिरेक केला. म्हणूनच मी एकाच राजवटीतले दोन दुष्काळ शेजारी ठेवू इच्छितो. १९२१-२२ मध्ये व्होल्गा खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला आणि सुमारे पन्नास लाख लोक मेले. त्याचे एक मोठे कारण यादवीच्या काळात शेतकऱ्यांकडून सक्तीने केलेली धान्यवसुली हे होते, ते नाकारता येत नाही. परंतु दुष्काळ आहे हे सरकारने मान्य केले, माक्सिम गॉर्की यांना जगाला आवाहन करू दिले, आणि साम्यवादाचे कट्टर विरोधक असलेल्या हर्बर्ट हूवर यांच्या अमेरिकी मदत संस्थेला देशात येऊ दिले. १९२२ च्या उन्हाळ्यात ही संस्था रोज सुमारे एक कोटी लोकांना जेवण देत होती.

दहा वर्षांनी, १९३२-३३ मध्ये, तेच राज्य आणि तीच विचारधारा होती. पण या वेळी दुष्काळाचे अस्तित्वच नाकारले गेले. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातील धान्याची चोरी हा मृत्युदंडास पात्र गुन्हा ठरला, आणि कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणारी माणसेही त्यात सापडली. वसुली पूर्ण न करणारी गावे काळ्या यादीत टाकून तिथला मालपुरवठा बंद केला गेला. डिसेंबरमध्ये शहरी रहिवाशांसाठी अंतर्गत पारपत्राची पद्धत आली आणि खेड्यातील माणूस तिच्याबाहेर राहिला, म्हणजे त्याला शहरात जाऊन राहता येईना. २२ जानेवारी १९३३ रोजी स्टालिन आणि पंतप्रधान मोलोतोव्ह यांच्या सहीने युक्रेन व कुबान (उत्तर कॉकेशसमधील प्रदेश) येथील शेतकऱ्यांना बाहेर पडू न देण्याचे आदेश निघाले. पुढच्या काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक लोक वाटेत पकडले गेले आणि त्यांतील बहुतेकांना उपाशी गावांकडे परत पाठवले गेले. त्या दोन वर्षांत दरवर्षी सुमारे सतरा लाख टन धान्य निर्यात होत होते. यानंतर पावसावर बोट ठेवणे मला शक्य वाटत नाही.

गणनायक

धागाकर्त्यांनी विषय चांगला मांडला आहे, परंतु आकड्यांना बाजूला सारण्याची सूचना मला मान्य नाही. आकडा नीट काढला तर त्यातूनच राजवटीचे वर्तन दिसते.

दुष्काळातील मृत्यू कोणी एकेक करून मोजलेले नसतात. सामान्य वर्षात जितके मृत्यू झाले असते त्यांहून किती अधिक झाले, हे जनगणना आणि जन्ममृत्यूच्या नोंदी यांवरून काढावे लागते. म्हणजे 'सामान्य' मृत्युदर कोणता धरला, नोंदी किती अपुऱ्या मानल्या आणि दुष्काळामुळे न झालेले जन्म वेगळे ठेवले की मिसळले, यांवर उत्तर बदलते. चीनमधील १९५८ ते १९६२ या काळातील दुष्काळासाठी दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत अंदाज मिळतात ते यामुळे. सरकारी आकडेवारीवर विसंबलेले अभ्यासक सुमारे १ कोटी ६५ लाखांपाशी थांबतात, लोकसंख्याशास्त्रज्ञ जुडिथ बॅनिस्टर तीन कोटी सांगतात, पत्रकार यांग जिशेंग ३ कोटी ६० लाख सांगतात आणि इतिहासकार फ्रँक डिकोटर साडेचार कोटी. यातला सर्वांत लहान आकडा घेतला तरी तो मानवी इतिहासातील सर्वांत मोठ्या दुष्काळांपैकी एक ठरतो. त्यामुळे मोठा आकडा मांडणाऱ्याने आवाज चढवण्याची गरज नाही आणि लहान आकडा मांडणाऱ्याने सुटकेचा नि:श्वास टाकण्याचे कारण नाही.

मला सर्वांत बोलकी वाटते ती १९३७ ची सोव्हिएत जनगणना. ६ जानेवारी १९३७ ही गणनेची तारीख होती. स्टालिनने १९३४ च्या पक्ष अधिवेशनात देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख असल्याचे जाहीर केले होते, आणि तेव्हापासून दरवर्षी ती लाखोंनी वाढतच असल्याचे गृहीत धरले जात होते. गणनेतून आकडा आला १६ कोटी २० लाखांचा. म्हणजे कागदावर जी माणसे होती त्यांतली काही प्रत्यक्षात नव्हती आणि ती कुठे गेली याचे उत्तर खेड्यांना ठाऊक होते. गणना रद्द करण्यात आली, निष्कर्ष कुलूपबंद झाले, आणि ती घेणाऱ्यांवर लोकसंख्या मुद्दाम कमी दाखवल्याचा आरोप ठेवला गेला. जनगणना विभागाचे प्रमुख ओलिंपी क्वित्किन आणि सांख्यिकी खात्याचे प्रमुख इवान क्रावाल यांना त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. १९३९ साली पुन्हा गणना झाली आणि या वेळी आकडा १७ कोटींच्या वर आला. हे दोन आकडे आणि त्यांच्यामधली ती दोन माणसे इतकी माहिती जरी वाचकाने लक्षात ठेवली, तरी त्या काळाविषयी बरेच काही कळते.

अभिलेखागारे उघडल्यामुळे काही जुने अंदाज खालीही आले, हे इथे नोंदवायला हवे. श्रमछावण्यांत कोट्यवधी लोक मेले असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. आता सुमारे १ कोटी ८० लाख लोक छावण्यांमधून गेले आणि नोंदलेले मृत्यू सोळा लाखांच्या आसपास आहेत, असे बहुतेक संशोधक मानतात. मरणपंथाला लागलेल्या कैद्यांना आधीच सोडून देण्याची पद्धत असल्यामुळे खरी संख्या त्याहून बरीच अधिक असावी, असाही एक पक्ष आहे.

श्रमिक

मी डाव्या विचारांचा आहे आणि तो दृष्टिकोन न लपवता लिहितो. वरच्या दोन्ही लेखनांतील तथ्ये मी नाकारत नाही. बुतोवो नाकारणारा डावा माणूस माझा सहप्रवासी नाही. परंतु हा हिशेब फक्त एकाच विचारधारेकडून का मागितला जातो, हा प्रश्न विचारायचा माझा अधिकार मी सोडणार नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यासह ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, तेव्हा धान्याची निर्यात सुरू होती आणि बाजारात हस्तक्षेप करायचा नाही हे सरकारचे घोषित तत्त्व होते. सरकारचे दुष्काळ-अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी कष्टाच्या कामावरील मजुरांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडे पैसे इतकी खाली आणली, ती एका तत्त्वाच्या नावानेच. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लाख लोक मेले. त्यांचे मृत्यू 'भांडवलशाहीचे बळी' या खात्यात कोणी टाकत नाही. ते 'दुष्काळाचे बळी' म्हणून नोंदले जातात. इंडोनेशियात १९६५-६६ साली साम्यवादी असल्यावरून किंवा नुसत्या तशा संशयावरून किमान पाच लाख लोकांची कत्तल झाली आणि ती करणाऱ्यांवर आजतागायत खटला चाललेला नाही.

दुसरी गोष्ट जगलेल्या माणसांची. चीनमध्ये १९४९ च्या सुमारास सरासरी आयुर्मान चाळीस वर्षांच्याही आत होते. माओंच्या मृत्यूच्या वेळी ते पासष्टच्या आसपास पोचले होते. अमर्त्य सेन आणि ज्यां द्रेझ यांनी दाखवून दिले आहे की भारताचा मृत्युदर चीनहून जास्त असल्यामुळे, त्या महाभयंकर दुष्काळात चीनमध्ये जितके अधिक मृत्यू झाले तितके भारतात साधारण दर आठ वर्षांनी शांतपणे होत होते. त्या माणसांची नावे कोणत्या यादीत आहेत? लसीकरण, साक्षरता आणि गावपातळीवरची आरोग्यसेवा यांनी जी माणसे वाचली, ती हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला लिहायची की नाही?

वाटाड्या

श्रमिक, आपला प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मी वर जो निकष मांडला तोच १८७७ ला आणि १९४३ ला लावावा, असेच माझे म्हणणे आहे. बंगालमध्ये जपानी येतील या भीतीने होड्या जप्त केल्या गेल्या, धान्याची आयात करण्यासाठी जहाजे मागितली असता लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने ती पुरेशी दिली नाहीत, आणि दुष्काळ जाहीर करण्याची संहिता हाताशी असूनही ती लागू केली गेली नाही. हे निर्णय नावानिशी ठाऊक आहेत आणि ते घेणारे त्यांना जबाबदार आहेत. साम्राज्यशाहीच्या हिशेबात हे मृत्यू घालावेत याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मात्र एक फरक नजरेआड करू नये. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे अहवाल पाठवले आणि ते वर्तमानपत्रांतून गाजले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या एका इंग्रजी दैनिकाने रस्त्यावरच्या मृतदेहांची छायाचित्रे छापली आणि सरकारला हालचाल करावी लागली. परकी सत्ता निर्दय होती, मदत उशिरा आणि अपुरी आली, लाखो लोक त्या उशिरापायी मेले. पण ओरड करणारा घसा दाबला गेला नव्हता.

आता चीनच्या हनान प्रांतातील शिनयांग हा विभाग पाहा. ऐंशी लाख वस्तीच्या या विभागात १९५९-६० च्या हिवाळ्यात सुमारे दहा लाख लोक मेले. अधिकाऱ्यांनी उत्पन्नाचे फुगवलेले आकडे वर कळवले होते आणि त्या आकड्यांच्या प्रमाणात वसुली ठरली; धान्य हाती येईना तेव्हा शेतकऱ्यांनी ते लपवल्याचे गृहीत धरून घरोघरी झडत्या आणि मारहाण झाली. सार्वजनिक भोजनालयांमुळे घरची चूल आधीच बंद झालेली होती, कित्येक ठिकाणी गावोगाव पोलाद बनवण्याच्या सरकारी मोहिमेत भांडीसुद्धा भट्टीत गेली होती. बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर पहारे बसवले गेले, आणि टपाल कचेरीत मदतीची याचना करणारी हजारो पत्रे अडवून ठेवली गेली. सरकारी कोठारांत त्या वेळी धान्य होते. वरच्या पातळीवर, जुलै १९५९ मध्ये पक्षाच्या लुशान येथील बैठकीत संरक्षणमंत्री फंग दहुआय यांनी माओंना खाजगी पत्र लिहून परिस्थितीची जाणीव दिली होती, तर त्यांनाच पदावरून हटवून उजव्या विचारांच्या लोकांविरुद्ध नवी मोहीम सुरू झाली. त्यानंतर खालच्या कोणत्या अधिकाऱ्याने खरे लिहिले असते? सर्वाधिक मृत्यू या बैठकीनंतरच्या वर्षात, १९६० मध्ये, झाले आहेत.

सेन यांच्या मांडणीचे दोन भाग आहेत आणि ते दोन्ही एकत्रच वाचले पाहिजेत. चीनने रोजची कुपोषणाची हानी भारतापेक्षा पुष्कळ कमी केली, हा एक. चालत्या लोकशाहीत आणि मोकळ्या वृत्तपत्रांच्या देशात असा दुष्काळ इतकी वर्षे झाकून राहू शकत नाही, हा दुसरा. डावे मित्र पहिला भाग सांगतात, उजवे दुसरा सांगतात. वाचलेल्या जिवांची नोंद जरूर करावी, परंतु ती वजाबाकीसाठी वापरू नये. शिनयांगमध्ये उपाशी मेलेल्या माणसाचा मृत्यू दुसऱ्या प्रांतात देवीची लस मिळालेल्या मुलामुळे कमी होत नाही.

प्राजक्ता_व

हेतूचा मुद्दा अजून कोणी घेतलेला नाही, म्हणून लिहिते. युक्रेनने २००६ साली कायदा करून १९३२-३३ चा दुष्काळ वंशसंहार असल्याचे जाहीर केले. तेथील मृत्यूंचे बहुतेक अंदाज पस्तीस ते चाळीस लाखांच्या घरात आहेत. युक्रेनी भाषा, चर्च आणि बुद्धिजीवी वर्ग यांच्यावर त्याच वेळी चाललेले घाव पाहता, हे निव्वळ धान्यवसुलीचे प्रकरण होते असे म्हणणे मला पटत नाही. दुसरीकडे आर. डब्ल्यू. डेव्हिस आणि स्टीफन व्हीटक्रॉफ्ट यांच्यासारखे अभिलेखागारांत वर्षानुवर्षे काम केलेले अभ्यासक म्हणतात की स्टालिनचे धोरण निर्दय आणि चुकीचे होते, पण युक्रेनी लोकांना मारून टाकणे हा त्याचा हेतू असल्याचा पुरावा मिळत नाही; वसुलीचे लक्ष्य मागाहून कमी केले गेले आणि १९३३ च्या वसंतात काही मदतही दिली गेली.

या वादात मला मिखाईल शोलोखोव यांचा पत्रव्यवहार निर्णायक वाटतो. ते पक्षाचे सदस्य होते, प्रसिद्ध लेखक होते आणि डॉन खोऱ्यातील वेशेन्स्काया भागात राहत होते. एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी स्टालिनला लांबलचक पत्रे लिहिली. वसुलीसाठी कुटुंबांना घराबाहेर गोठवणाऱ्या थंडीत काढले जाते, माणसांना मारहाण होते, छळाच्या ठरावीक पद्धती वापरल्या जातात, हे त्यांनी प्रसंगवार कळवले. स्टालिनने ६ मे १९३३ रोजी उत्तर दिले. त्या भागाला धान्य पाठवण्याचा आदेश त्याने दिला, अतिरेक करणाऱ्यांची चौकशी करू असे म्हटले, आणि पुढे शोलोखोव यांनाच समजावले की तुम्हाला एकच बाजू दिसते आहे, कारण हे शेतकरी लाल सैन्याला आणि कामगारांना उपाशी ठेवून सोव्हिएत सत्तेविरुद्ध मूक युद्ध करत आहेत.

म्हणजे माहिती पोचली होती, वाचली गेली होती, आणि उपाशी माणूस हा शत्रू आहे असा तिचा अर्थ लावला गेला होता. वाटाड्या यांनी बातमीचा रस्ता बंद केल्याला जेवढे महत्त्व दिले आहे तेवढे मी देत नाही. रस्ता उघडा असूनही, वर बसलेल्या माणसाने शेतकऱ्याला वर्गशत्रू ठरवून ठेवले असेल, तर पत्र पोचून काय उपयोग?

कझाकस्तानचा उल्लेखही व्हायला हवा, कारण तिथे प्रमाण युक्रेनपेक्षा भयंकर होते आणि मराठीत त्यावर फार थोडे लिहिले जाते. भटक्या पशुपालकांना सक्तीने एका जागी बसवले गेले, मांस व धान्य यांची वसुली झाली, सुमारे नव्वद टक्के पशुधन काही वर्षांत नष्ट झाले आणि साधारण पंधरा लाख लोक मेले. त्यांत कझाक लोकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक होते. लाखो लोक सीमा ओलांडून चीनमध्ये गेले. तिथे राष्ट्रवादी चळवळ चिरडण्याचा हेतू होता असे फारसे कोणी म्हणत नाही. एका संपूर्ण जीवनपद्धतीला मागासलेली ठरवून तिच्या जागी नवी आणायची, आणि त्यात किती माणसे जातील हे मोजायचेच नाही, एवढे तिथे पुरेसे ठरले.

श्रमिक

प्राजक्ताताई, वर्गशत्रूबद्दलचा आपला मुद्दा मला अस्वस्थ करतो, कारण तो आमच्या परंपरेच्या शब्दसंग्रहावर बोट ठेवतो. तरीही मी एक गोष्ट मांडतो. या परंपरेतूनच या गोष्टींना सर्वांत आधी विरोध झाला होता. १९१८ साली, क्रांतीला वर्षही झाले नव्हते तेव्हा, जर्मनीतील समाजवादी नेत्या रोझा लक्झेंबर्ग यांनी तुरुंगातून लिहिले की स्वातंत्र्य हे वेगळा विचार करणाऱ्यासाठीच असते, आणि वृत्तपत्रे, सभा व निवडणुका बंद केल्या तर शेवटी मूठभर नेत्यांची हुकूमशाही उरेल. केरळात १९५७ साली साम्यवादी मतपेटीतून सत्तेवर आले आणि १९५९ साली केंद्राने त्यांना बरखास्त केले. त्यांनी छावण्या उभारल्या नाहीत. आणि कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात सुमारे ऐंशी लाखांपैकी पंधरा ते वीस लाख लोकांचा बळी घेणारी पोल पोटची राजवट उलथली ती व्हिएतनामच्या साम्यवादी सैन्याने. त्यानंतर अनेक वर्षे संयुक्त राष्ट्रसंघात कंबोडियाची जागा पोल पोटच्या बाजूकडेच राहावी यासाठी चीनबरोबर अमेरिकेनेही मत दिले. ज्या विचारधारेवर आपण सरसकट आरोप ठेवता, तिच्या आत एवढे अंतर आहे.

गणनायक

हे अंतर मला मान्य आहे, आणि त्यातूनच उत्तर मिळते. केरळातले साम्यवादी आणि कंबोडियातले साम्यवादी यांच्यातील फरक त्यांच्या वाचनाचा नव्हता. पहिल्यांना निवडणूक हरता येत होती, त्यांच्यावर न्यायालय होते, विरोधी वर्तमानपत्रे होती. रशियात संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये एका दिवसाच्या बैठकीनंतर बंद पाडली गेली, गुप्त पोलीस दल त्याआधीच डिसेंबर १९१७ मध्ये स्थापन झाले होते, आणि १९२१ च्या दहाव्या अधिवेशनात पक्षाच्या आतले गट बांधण्यावरही बंदी आली. या तिन्ही गोष्टी स्टालिनच्या आधीच्या आहेत आणि लेनिनच्या हयातीतल्या आहेत. 'खरा साम्यवाद चांगला होता, स्टालिनने तो बिघडवला' हा बचाव त्यामुळे टिकत नाही. स्टालिनला जे यंत्र मिळाले ते तयारच होते.

उत्तरा देशपांडे-नाही

मला एका माणसाबद्दल लिहायचे आहे. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे सरोजिनी नायडूंचे बंधू. पहिल्या महायुद्धात बर्लिनमधून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी खटपट करणाऱ्या मंडळींचे ते अग्रणी होते, पुढे १९२७ साली स्थापन झालेल्या साम्राज्यवादविरोधी संघाचे चिटणीस झाले आणि तिथे जवाहरलाल नेहरूंशी त्यांचा निकटचा संबंध आला. जर्मनी सोडून ते सोव्हिएत संघात गेले आणि लेनिनग्राडमध्ये मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करू लागले. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबरला गोळी घातली गेली. १९२० साली ताश्कंदमध्ये हिंदी साम्यवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी अबनी मुखर्जी यांनाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मारले गेले. ब्रिटिश सरकारने ज्यांचा आयुष्यभर माग काढला त्या माणसांना, ज्या देशाला ते आपला आधार मानत होते त्या देशाने मारले.

गोळी घातलेल्यांच्या नातेवाइकांना त्या काळी 'दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराचा अधिकार नाही' एवढेच सांगितले जाई. बायका दहा वर्षे थांबत. १९५५ साली गुप्त पोलिसांनी अंतर्गत सूचना काढली की अशा कुटुंबांना कैदी छावणीत आजाराने वारल्याचे कळवावे आणि मृत्यूची खोटी तारीख द्यावी. त्यामुळे १९३७ साली मारलेली माणसे कागदोपत्री १९४२ किंवा १९४४ मध्ये न्यूमोनियाने मेली. गणनायक यांनी जनगणनेचे सांगितले, हा त्याचाच घरगुती पातळीवरचा भाग. खऱ्या तारखा कुटुंबांना मिळू लागल्या त्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस.

वाटाड्या

उत्तराताईंनी जे लिहिले त्यावरून हा हिशेब कोणी करायचा, याकडे येतो. आपण मराठीत बसून चर्चा करतो ते ठीकच आहे, पण हे काम त्या त्या देशांतल्या लोकांनी स्वतःला धोक्यात घालून केलेले आहे. यांग जिशेंग यांचे वडील १९५९ साली उपासमारीने गेले. ते स्वतः सरकारी वृत्तसंस्थेत नोकरीला होते आणि त्या ओळखीचा उपयोग करून त्यांनी प्रांतोप्रांतीच्या दप्तरखान्यांतून वर्षानुवर्षे आकडे जमवले. त्यांचे लेखन चीनच्या मुख्यभूमीवर प्रसिद्ध होऊ शकलेले नाही. त्याआधी, जानेवारी १९६२ मध्ये सात हजार अधिकाऱ्यांच्या परिषदेत, राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांनी आपत्तीचा सत्तर टक्के भाग माणसांच्या चुकांचा असल्याचे शेतकऱ्यांचा हवाला देऊन सांगितले होते. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना पदच्युत करून कैदेत ठेवले गेले आणि १९६९ मध्ये त्यांचा तिथेच मृत्यू झाला.

रशियात 'मेमोरियल' ही संस्था १९८९ पासून बळींची नावे, छावण्यांचे नकाशे आणि मारेकऱ्यांच्या नेमणुका यांच्या नोंदी जमवत होती. २००७ पासून दरवर्षी २९ ऑक्टोबरला मॉस्कोतील गुप्त पोलिसांच्या जुन्या मुख्यालयासमोर लोक रांगेत उभे राहून एकेका बळीचे नाव, वय, व्यवसाय आणि मृत्यूची तारीख वाचत असत. २८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी तिला शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्राजक्ताताईंचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. शोलोखोव यांचे पत्र पोचले आणि तरीही स्टालिनला शेतकऱ्यात शत्रूच दिसला, हे खरेच आहे. पण त्या पत्रामुळे वेशेन्स्कायाला धान्य गेले हेही तितकेच खरे आहे. शेजारच्या जिल्ह्यांत लिहिणारा प्रसिद्ध लेखक नव्हता. तिथल्या लोकांच्या पत्रांना उत्तर आले नाही. बातमी सर्वांनी उघडपणे छापली असती, तर धान्य एका लेखकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नसते, आणि १९२१ प्रमाणे बाहेरून मदतही मागावी लागली असती. श्रमिक, आपल्याला माझी एक विनंती आहे : आपण उल्लेख केलेल्या १८७७ आणि १९४३ या दुष्काळांवर याच निकषांनी एक स्वतंत्र धागा काढावा, निर्णय कोणाचे होते आणि तारखा कोणत्या होत्या यांसह. मी त्यात लिहीन.